1961 पूर्वी गोव्यातल्या लोकांनी पोर्तुगीजांशी लढा दिला होता, की भारतीय सैन्य येईपर्यंत ते गप्प बसून होते?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, की स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात ऑपरेशन विजयवर, म्हणजे भारतीय सैन्याच्या 1961 च्या गोवा मोहिमेवर, अख्खा परिच्छेद आहे आणि गोव्यातल्या माणसांवर एक ओळ नाही, म्हणून शंका आली. पुस्तकाचा राग तुमच्यावर काढत नाही. पण 'गप्प बसून होते' हे शब्द मी माझ्या आतेभावाच्या तोंडून ऐकलेत, तेही माझ्याच घरात, आजोबांच्या तसबिरीखाली बसून. त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी तुमच्या कामापुरतं. गप्प नव्हते. पुन्हा पुन्हा उठले आणि बहुतेक वेळा हरले.

'साडेचारशे वर्षांची गुलामगिरी' हे सगळ्या गोव्याला सरसकट लावू नका. 1510 मध्ये आल्बुकर्कने आदिलशहाकडून तिसवाडी घेतली, बारदेश आणि साष्टी त्यानंतर तीसेक वर्षांनी गेली. या झाल्या जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेला मुलूख. आमची डिचोली, सत्तरी, पेडणे, काणकोण हे पाकल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, हाती लागलं ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्यामुळे दोन्हीकडचा विरोधही वेगवेगळ्या जातीचा आहे. साष्टीत कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी 1583 मध्ये देवळं पाडल्याच्या रागातून पाच जेझुइट पाद्री मारले. त्यावर बोलणीच्या नावाखाली गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे कापून काढलं. गावाने त्यानंतर कर भरणंच थांबवलं. 1787 मध्ये कांदोळीच्या पिंटो घराण्याच्या आसऱ्याने कट शिजला, त्यात पुढे होते ते खुद्द गोव्यातले ख्रिस्ती पाद्री, कारण कातडीचा रंग पाहून त्यांना वरच्या जागा नाकारल्या जात होत्या. 47 जण पकडले, 15 जणांना हालहाल करून मारलं. 'ख्रिश्चन तेवढे पोर्तुगीजांचे' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे साल पाठ करायला लावलं पाहिजे.

सत्तरीचे राणे तर तुम्हाला माहीत असतील. 1852 मध्ये दिपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेतला आणि पोर्तुगीजांना तीन वर्षं दमवून शेवटी तडजोडीला आणलं. मला मात्र सगळ्यात जवळचं बंड 1895 चं वाटतं, कारण ते सुरू केलं साध्या शिपायांनी. मोझांबिकमध्ये तिथल्या लोकांनी डोकं वर काढलं होतं, ते दाबायला गोव्यातल्या मराठा पलटणीला बोटीत घालून आफ्रिकेला न्यायचं ठरलं. शिपायांनी नकार दिला, हत्यारं घेऊन सत्तरीत शिरले, दादा राणे त्यांना मिळाले. लिस्बनहून राजाचा सख्खा भाऊ फौज घेऊन आला. दादा राण्यांना तिमोरला हद्दपार केलं. शिपायांनी काही आफ्रिकेच्या प्रेमापोटी नकार दिला नव्हता. समुद्र ओलांडायचा नव्हता, बायकापोरं मागे टाकायची नव्हती. तरी एका वसाहतीची माणसं दुसऱ्या वसाहतीवर घालायचा डाव त्या वेळी फसला, आणि तो आमच्याकडे फसला, याचा मला अभिमान आहे.

विसावं शतक भराभर सांगतो, ते पुस्तकात कुठेतरी असणारच. 1928 मध्ये त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांनी गोवा काँग्रेस समिती काढली. 1930 मध्ये सालाझारने, पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा झाला त्याने, वसाहतींचा कायदा आणला, मिनेझिस ब्रागांझांनी त्याला भर कौन्सिलात विरोध केला. 18 जून 1946 ला मडगावात लोहियांची सभा झाली. कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे, जुझे लॉयोला यांना पकडून थेट पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात डांबलं. 1947 मध्ये आझाद गोमंतक दल निघालं. 1954 मध्ये दादरा आणि मग नगरहवेली स्वयंसेवकांनीच मोकळी केली, तिथे भारतीय सैन्य गेलं नव्हतं. 

आता आजोबा.

आमचे आजोबा डिचोलीत एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे. त्या काळी गोव्यात सेन्सॉरच्या शिक्क्याशिवाय काही छापता येत नसे. वर्तमानपत्रं सोडा, लग्नपत्रिकासुद्धा. आजोबांच्या कामाचा एक भाग म्हणजे 'आमचे येथे श्रीकृपेकरून' असलेला कच्चा छाप घेऊन सरकारी कचेरीच्या व्हरांड्यात ताटकळत बसणं. ज्या कारकुनाला मराठी वाचता येत नसे तो मुद्दाम उशीर करायचा. मुहूर्त टळून गेल्यावर पत्रिका पास झाल्याची गोष्ट आजोबा हसत सांगायचे, पण ते हसणं फार बरं नव्हतं. मला वाटतं ते चळवळीत गेले ते या व्हरांड्यातूनच. गांधी-लोहिया नंतर आले.

रात्री त्याच खिळ्यांनी ते पत्रकं जुळवू लागले. कागद सावंतवाडीकडून दोडामार्गमार्गे गवताच्या भाऱ्यात यायचा. छापून झालं की फर्मा, म्हणजे जुळवलेला मजकूर, सोडून खिळे आपापल्या खणात परत टाकायचे, म्हणजे सकाळी पुरावा उरायचा नाही. 1955 मध्ये पकडले गेले. त्या वर्षी वातावरण काय होतं ते समजून घ्या: फेब्रुवारीत आमच्या शेजारच्या अस्नोड्याचे बाळा राया मापारी पोलिसांच्या छळात गेले. एप्रिलमध्ये म्हापशाला सुधाताई जोशींना भर सभेत अटक झाली. चौकीत आजोबांच्या तळहातांवर पालमातोर चालला. भोकं पाडलेली जाड लाकडी थापी असते ती, मांस भोकांत ओढलं जातं. बोटं पुढे कधी नीट मिटली नाहीत. खिळा चिमटीत धरता येईना, म्हणजे धंदा गेला. ते तुरुंगात असताना आत्या जन्मली, सुटून आले तेव्हा ती अंगणात धावत होती आणि त्यांना बघून रडली.

ही आत्या म्हणजे माझ्या आतेभावाची आई.

गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेला माणूस पोर्तुगालच्या कायद्याने त्यांचा नागरिक ठरू शकतो. त्याची जन्मनोंद लिस्बनला करायची, मग मुलांची, मग नातवंडांची. पासपोर्ट हाती आला की युरोप मोकळं. ब्रेक्झिटच्या आधी त्या पासपोर्टवर थेट इंग्लंडला जाता यायचं, स्विंडनमध्ये आमच्याकडची अख्खी वस्ती आहे. आतेभावाने आत्याची नोंद करायला घेतली. जुन्या दप्तरात आजोबांचं आडनाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर भलतंच. एजंट म्हणाला, सरकारी शिक्क्याचा, बापाच्या नावासकट, त्या काळातला एखादा पोर्तुगीज कागद जोडा, काम होईल.

असा कागद घरात एकच होता आणि तो माझ्या ताब्यातल्या ट्रंकेत होता. आजोबांच्या शिक्षेचा हुकूम.

तो मागायला आला. पोर्तुगालविरुद्ध गुन्हा केल्याचा कागद जोडून पोर्तुगालचं नागरिकत्व मागायचं, यात काही चुकतंय असं त्याला वाटलंच नाही. मी नाही म्हटलं. "आजो आमचोय न्हय रे?" म्हणाला. आहे ना, म्हणून तर नाही. मग तो चिडला आणि खरं बोलला: "दादा, काय केलं होतं त्यांनी एवढं? चार कागद वाटले. गोवा घेतला सैन्याने, छत्तीस तासांत. बाकी सगळे गप्प बसून होते." आत्या तिथेच बसली होती. काही बोलली नाही. मला त्याच्यापेक्षा तिच्या न बोलण्याचा जास्त त्रास झाला, पण तो विषय वेगळा.

कागद त्याने दुसरीकडून काढला, पासपोर्ट मिळाला, गेला. घरच्या प्रत्येक लग्नाकार्यात दोन पेग झाले की तेच वाक्य पुन्हा येतं. मी बायकोकडे बघून गप्प बसतो. इथे गप्प बसायचं कारण नाही.

तर छत्तीस तास. 1947 पासून 1961 पर्यंत दिल्लीने गोव्यावर सैन्य घातलं नाही. नेहरूंना जगासमोर शांततावादी राहायचं होतं. त्या चौदा वर्षांत प्रश्न जिवंत कोणी ठेवला? चार कागद वाटणाऱ्यांनीच. तुरुंग कोणी भरले? आंबोलीच्या आणि मग कॅसलरॉकच्या रानातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी 1955 ते 1961 गुप्त रेडिओ चालवला. कोणी ऐकणारंच नसतं तर सहा वर्षं जंगलात कशाला राहिले असते? 15 ऑगस्ट 1955 ला पत्रादेवीपासून सगळ्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रही चालत आत शिरले, पाकल्यांनी गोळ्या घातल्या, वीसहून जास्त मेले. पंजाबचे कर्नेलसिंग बेनिपाल पत्रादेवीलाच पडले. भारताने सीमा बंद केली, नाकेबंदी केली. त्या नाकेबंदीचा जाच आमच्याच लोकांनी सोसला, एका घराचे दोन भाग सीमेच्या दोन बाजूंना राहिले. आणि सैन्य आलं तेव्हा लढाई इतक्या लवकर का आटोपली? पोर्तुगीज शिबंदी लहान होती, खरं. पण शेवटच्या माणसापर्यंत लढा असा सालाझारचा हुकूम असताना गव्हर्नर वासालो इ सिल्वाने शरणागती पत्करली, कारण हे राज्य टिकणार नाही हे तिथे राहून त्याला कळत होतं. मागे जनता उभी असलेलं राज्य असं दीड दिवसात पडत नाही.

आता उलट्या बाजूचंही ऐकवतो, कारण तुमच्या पुण्या-मुंबईतही एक जमात आहे जी म्हणते की गोवा आम्ही मराठी माणसांनी सोडवला. नानासाहेब गोरे, सेनापती बापट, सगळ्यांना दंडवत. सांगलीकडचे मोहन रानडे आमच्याकडे शिक्षक म्हणून आले, बेतीच्या पोलिस ठाण्यावरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले आणि गोवा सुटल्यावरही 1969 पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात सडले. त्यांचं ऋण आहेच. पण गोवा महाराष्ट्रात घालायचा का, या 1967 च्या जनमत कौलात विलीनीकरण 34,021 मतांनी पडलं म्हणून गोवेकर कृतघ्न, हे ऐकून घेणार नाही. आमच्या घराने फुलालाच, म्हणजे विलीनीकरणालाच, मत दिलं होतं, म्हणजे मला महाराष्ट्रद्वेष्टा ठरवायचीही सोय नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. राण्यांना आजच्या अर्थाने स्वातंत्र्यसैनिक म्हणताना हात आखडता घ्या. ते मोकासदार होते, वतनासाठी आणि मानासाठी लढले, आणि त्यांच्या कुळांना विचाराल तर वेगळी कहाणी निघेल. गप्प बसलेलेही पुष्कळ होते, आणि त्यात हिंदू खाणमालक आणि व्यापारी कमी नव्हते. नाकेबंदीच्या काळात लोखंडाच्या खनिजावर आणि तस्करीवर काही घरं गब्बर झाली, नावं डिचोलीत सगळ्यांना माहीत आहेत. सैन्याशिवाय गोवा सुटला नसता हेही खरं, नुसत्या उपोषणाने हलणारा माणूस सालाझार नव्हता. आणि पोटासाठी पासपोर्ट काढणाऱ्या प्रत्येकाला मी नावं ठेवत नाही. खाणी बंद पडल्यावर तालुक्यातल्या तरुणांनी करायचं काय होतं? माझं भांडण एकाशीच आहे.

परीक्षेसाठी 1583, 1787, 1852, 1895, 1946, 1954, 1955 ही सालं पुरेत. सरकारी पुस्तकात न मिळालेलं विचारायचं असेल तर डिचोली, पेडणे, सत्तरीकडे या, ऐंशी ओलांडलेली माणसं अजून आहेत, पण फार दिवस असणार नाहीत.

आतेभाऊ हे वाचणार आहे, म्हणून त्याच्यासाठी थोडं. बाबा रे, ज्या देशाचा पासपोर्ट तुझ्या खिशात आहे तो सालाझारचा देश उरलेला नाही. गोव्यात लोकांना छळणारा मोंतेरो नावाचा पोलिस एजंट पुढे 1965 मध्ये सालाझारचा पोर्तुगीज विरोधक जनरल देल्गादो याच्या खुनात सापडला, म्हणजे ज्यांनी आजोबांचे हात मोडले त्याच राजवटीने पोर्तुगीजांनाही मारलं. त्यांच्या लोकांना तिच्यातून सुटायला एप्रिल 1974 उजाडला, आपल्यानंतर बारा वर्षांनी, आणि त्याच वर्षअखेरीस त्यांनी गोवा भारताचा असल्याचं कागदावर मान्य केलं. कुन्हा-काकोडकरांना जिथे डांबलं होतं त्या पेनिशच्या किल्ल्यात आता त्यांनीच प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं राष्ट्रीय संग्रहालय केलंय. लिस्बनहून तास-दीड तासावर आहे. तुला व्हिसाही लागत नाही. जाऊन बघून ये आणि मग पुढच्या लग्नात काय बोलायचं ते बोल.