फुकेतहून फी फी एका दिवसात: आई सोबत असतील तर मोठ्या फेरीनेच जा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरच्या शेवटी थायलंडमधल्या फुकेत बेटावर पातोंगला चार दिवस मुक्काम, त्यातला एक दिवस फी फी बेटांसाठी. सोबत ६७ वर्षांच्या आई (पूर्ण शाकाहारी) आणि सात वर्षांची मुलगी. हॉटेलवाल्याने स्पीडबोटीने एका दिवसात सात ठिकाणं दाखवणारी सहल सुचवली आहे आणि मोठी फेरी (प्रवासी बोट) फार हळू जाते म्हणून नको म्हणाला आहे.

मी तिथे तीनदा जाऊन आलो आहे, एकदा स्पीडबोटीने आणि दोनदा फेरीने. फेरीनेच जा आणि सात ठिकाणांचा नाद सोडा, असं मी अगदी आग्रहाने सांगेन.

फुकेतहून फी फी साधारण ४५ किलोमीटर आहे आणि मधला बराचसा पट्टा उघडा समुद्र आहे. फेरी दोन तास घेते, स्पीडबोट तासाभरात पोचवते. तो वाचलेला तास बोट लाटांवरून उडवत नेल्यामुळे मिळतो. प्रत्येक उडीनंतर बोट पाण्यावर आपटते, आणि सगळ्यात जोराचा दणका बसतो तो पुढे बसलेल्यांना. पहिल्या खेपेला आम्हाला हे माहीत नव्हतं. पुढे गाद्या होत्या, वारा छान लागत होता, म्हणून आईला मुद्दाम तिथे बसवलं. जाताना काही झालं नाही. परतताना दुपारी वारा वाढला. आईने दोन्ही हातांनी बाजूची नळी घट्ट धरली होती, बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. एका लाटेला ती बैठकीवरून वीतभर वर उचलली गेली आणि खाली आदळली. ओरडली नाही, पण चेहरा पांढराफटक पडला. बोटीवरच्या माणसाला हळू घ्या म्हणून खुणा केल्या, त्याने मान डोलावली आणि वेग तसाच ठेवला. पुण्याला परतल्यावर एक्स-रे काढला तेव्हा कळलं की कमरेच्या वरचा एक मणका दबला आहे. सहा आठवडे पट्टा लावून काढले. या वयात हाडं ठिसूळ झालेली असतात, त्यांना असा एक दणका पुरतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. आईंना पाठीचा काही त्रास नाही असं तुम्ही लिहिलं आहे. माझ्या आईलाही तोवर नव्हता.

आता फेरीचं. ती रासादा धक्क्यावरून सुटते. हा धक्का फुकेत शहराला लागून पूर्व किनाऱ्यावर आहे आणि पातोंग पश्चिमेला, मध्ये डोंगर. त्यामुळे हॉटेलवरून सातलाच निघावं लागतं. सकाळी साडेआठच्या सुमाराची फेरी घ्या आणि परतीसाठी दुपारी साडेतीनच्या आसपासची. तिकीट काढतानाच परतीची वेळ लिहून घ्या. खालच्या मजल्यावर, मध्याच्या थोडं मागे बसा, तिथे हेलकावे कमी लागतात. आत एसी खूप गार असतो, आईंसाठी शाल हाताशी ठेवा. बोट लागण्याची गोळी निघण्याआधी तासभर घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. आईंची बीपीची औषधं चालू असतील तर कोणती गोळी आणि मुलीला किती द्यायची, हे इथूनच डॉक्टरांना विचारून निघा.

फेरी तोनसाईच्या धक्क्याला लागते. उतरल्यावर माणशी २० बाट घेतात, सुट्टे ठेवा. गावात मोटारी नाहीत, सामानही हातगाडीवरून जातं. दोन डोंगरांच्या मध्ये वाळूची एक चिंचोळी पट्टी आहे आणि तिच्यावर हे गाव वसलं आहे. एका अंगाला तोनसाईचा उपसागर, दुसऱ्या अंगाला लो दालमचा. इकडून तिकडे चालत पाच-सात मिनिटं. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत या पट्टीवर दोन्ही बाजूंनी पाणी चढलं आणि गाव जवळजवळ पुसलं गेलं. उंचावर जायच्या वाटा दाखवणाऱ्या पाट्या आता ठिकठिकाणी आहेत. गेल्यावर मुलीला एकदा त्या दाखवा.

माया बे बघायची इच्छा असणारच. ही छोटी खाडी शेजारच्या फी फी ले बेटावर आहे, तोनसाईहून लाँगटेल (लांब दांड्याच्या मोटरवर चालणारी लाकडी होडी) तीन तासांसाठी ठरवून जाता येतं. पण लाँगटेलमध्ये बऱ्याचदा गुडघाभर पाण्यातून जाऊन शिडीने चढावं लागतं, आईंना ते जमेलच असं नाही. तुम्हा दोघांपैकी एकाने मुलीला घेऊन जावं आणि दुसऱ्याने आईंबरोबर गावात थांबावं. आम्ही दुसऱ्या खेपेला हेच केलं. आई सावलीत शहाळं पीत बसली होती आणि आजवरच्या सहलींतला तिचा सगळ्यात आवडता दिवस तोच.

माया बेला पोहायचं मात्र डोक्यातून काढून टाका. एका हॉलिवूडपटाच्या चित्रीकरणानंतर तिथे इतकी गर्दी व्हायला लागली की नांगर, माणसं आणि अंगाला लावलेली क्रीमं यांनी प्रवाळ मरून गेलं. जून २०१८ मध्ये किनारा बंद केला, तो थेट १ जानेवारी २०२२ ला उघडला. आता बोटी समोरून आत येत नाहीत, मागच्या लो सामा उपसागरात लागतात आणि तिथून लाकडी वाटेने पलीकडे चालत जायचं. पाण्यात गुडघ्यापर्यंतच उतरू देतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दरवर्षी बंदच ठेवतात. याचं फळ म्हणजे काळ्या टोकांच्या परांचे छोटे शार्क परत आले आहेत. सकाळी पाणी शांत असताना ते अगदी काठाशी फिरताना दिसतात. माझ्या भाचीने श्वास रोखून पाच मोजले होते, तोवर तो शार्क आमच्या समोरून गेलासुद्धा. राष्ट्रीय उद्यानाची फी परदेशी मोठ्या माणसांना ४०० बाट, लहानांना २०० अशी होती. सहलीत ती धरली आहे का हे आधी विचारा, बऱ्याचदा नसते. आणि सनस्क्रीन घेताना मागचं लेबल वाचा. ऑक्सिबेंझोन, ऑक्टिनॉक्सेट वगैरे असलेल्या क्रीमांना थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत २०२१ पासून बंदी आहे. मुलीला लांब बाह्यांचा पोहण्याचा कपडा घाला, म्हणजे क्रीमही कमी लागेल.

एक गोष्ट मुलीला आधीच सांगून ठेवा. लाँगटेलच्या पुढच्या उंच टोकाला रंगीत कापडं आणि फुलांचे हार बांधलेले असतात. ते मे या नांग या बोटीच्या देवीसाठी असतात. फोटोसाठी लोक तिथे पाय ठेवतात, नावाडी तोंडाने काही बोलत नाहीत पण त्यांना ते लागतं. आपले कोळी नारळी पौर्णिमेला होडीची पूजा करतात, तोच भाव आहे.

जेवणाचं अवघड आहे हे धरूनच चला. 'व्हेज' म्हणून आणलेल्या भाजीतही नाम प्ला, म्हणजे माशांचा सॉस, असतो. तो घालणाऱ्याला त्यात मासे आहेत असं वाटतच नाही. 'जे' हा शब्द लक्षात ठेवा, थाई भाषेत त्याचा अर्थ मांस, मासे, अंडी काहीच नको. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरं दिसली की ते दुकान 'जे' जेवणाचं. फी फीवर अशी दुकानं शोधत फिरण्यापेक्षा आईंसाठी दशम्या आणि कोरडी चटणी बरोबर घ्या. फळं तिथे भरपूर मिळतात.

हवामानाबद्दल. तिथला नैऋत्य मोसमी पाऊस मे ते ऑक्टोबर, म्हणजे डिसेंबर चांगलाच. पण आपल्याकडे पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद ठेवतात, तसं तिथे सरसकट बंद नसतं, त्यामुळे बोट सुटते आहे म्हणजे समुद्र ठीक असं समजू नका. ५ जुलै २०१८ ला फुकेतजवळ पर्यटकांची एक बोट वादळात बुडाली आणि ४७ जण गेले. हवामानाचा इशारा त्या दिवशी होता. आदल्या संध्याकाळी थाई हवामान खात्याचा लाटांच्या उंचीचा अंदाज बघा आणि मनाला पटलं नाही तर दिवस बदला. म्हणूनच फी फी शेवटच्या दिवसावर ठेवू नका, दुसऱ्या दिवशी ठेवा.

लाइफ जॅकेट मुलीला मोठ्या माणसाचं देतील. ते घेऊ नका, लहान मापाचं मागून घ्या. घातल्यावर खांद्याशी धरून वर उचलून बघा. हनुवटीच्या वर सरकलं तर ते तिच्या मापाचं नाही.