डोंगरात आणि स्कूटरवर रंग बदलणाऱ्या काचा

प्रश्न : माझं वय ५४. लांबचा नंबर उणे अडीच, जवळचाही आहे. मागच्या वर्षी उन्हात काळ्या होणाऱ्या प्रोग्रेसिव्ह (वर लांबचा, खाली जवळचा नंबर असलेल्या) काचा घेतल्या. डिसेंबरात कळसूबाईला मस्त गडद झाल्या. मे महिन्यात देवगिरीला मात्र रणरणत्या उन्हात अर्धवटच काळ्या, आणि किल्ल्यातल्या अंधारीत, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेत, शिरल्यावर लवकर उजळेचनात. स्कूटरवर तर पांढऱ्याच राहतात. दुकानदाराने फसवलं का?
– एक वाचक, जालना

उत्तर : ताई, काचा चांगल्या आहेत. काउंटरवर दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या, इतकंच.

या काचांमधले रेणू उन्हातल्या अतिनील किरणांनी उघडतात आणि काच काळी होते. उष्णता त्यांना परत मिटवायला बघते. त्यामुळे कळसूबाईच्या गार वाऱ्यात काच जास्त काळी होते, आणि मराठवाड्याच्या मे महिन्यात, जेव्हा तुम्हाला खरी गरज असते, तेव्हा कमी. काळं व्हायला अर्धा-एक मिनिट पुरतं. उजळायला काही मिनिटं जातात. अंधारीचं दार काही तेवढं थांबत नाही. मी स्वतः तिथे उंबऱ्याआधी सावलीत बसून पाणी पितो, मग आत जातो. मागचे लोक वैतागतात, वैतागू देत.

स्कूटरचं कोडं सोपं आहे. हेल्मेटची पॉलिकार्बोनेट काच अतिनील किरण अडवते, गाडीची पुढची काचही बरीचशी तेच करते. किरण पोचलेच नाहीत तर रेणू उघडणार कसे? गाडी चालवायला नंबरचा साधा गॉगल करून घ्या, तीन नंबरच्या श्रेणीचा (काच किती काळी, ते ही श्रेणी सांगते). चार नंबरच्या श्रेणीचा नको, तो गाडी चालवायला चालत नाही. दिवस मावळला की तोही काढायचा.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. मला खरी काळजी तुमच्या प्रोग्रेसिव्हची आहे. तिचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो. किल्ला उतरताना नजर खाली गेली की त्याच भागातून पायरी दिसते, म्हणजे धूसर. कळसूबाईच्या शिड्या उतरताना मान खाली घालून पाय शोधणारे पन्नाशीचे ट्रेकर मी नेहमी बघतो. पुष्कळदा दोष गुडघ्याचा नसून काचेचा असतो. डोंगरासाठी फक्त लांबच्या नंबरच्या रंग बदलणाऱ्या काचा करा. मोबाइल वाचायचा तर चष्मा कपाळावर सरकवा. उणे अडीचवाल्याला साधारण चाळीस सेंटिमीटरवरचं बिनचष्म्याचंच दिसतं. पिशवीत एक पांढऱ्या काचांचा जुना चष्मा ठेवा, गुहा आणि उशीर दोन्हींसाठी.

घेताना दुकानात एक करून बघा. काचेवर कागदाची बारीक पट्टी चिकटवून मिनिटभर उन्हात धरा आणि पट्टी काढा. खाली पांढरा पट्टा स्पष्ट दिसला पाहिजे. ढगाळ दिवशीही बऱ्यापैकी उमटतो, कारण ढगांतून हे किरण येतातच.

काही वर्षांनी रंग मंदावतो. एका काचेला ओरखडा गेला म्हणून ती एकटीच बदलू नका. नवी आणि जुनी वेगवेगळ्या काळ्या होतात आणि फोटोत एक डोळा उजळ दिसतो. जोडीनेच बदला.