पैसे आहेत, मग नाही कसं म्हणू?

म्हाताऱ्या मांजरीला कर्करोग झाला की घरात दोन तट पडतात. अमळनेरच्या एका निवृत्त शिक्षिका काकूंकडेही तेच झालं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) 16 वर्षांच्या चिमीच्या जिभेखाली गाठ होती. तुकडा तपासल्यावर स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग निघाला. पुण्यातला मुलगा म्हणाला, "पैशांचं मी बघतो, इकडे आण, ऑपरेशन करू." शेजारी म्हणत, मांजरीवर कुणी इतका खर्च करतं का? काकू माझ्याकडे आल्या तेव्हा रडवेल्या झाल्या होत्या. "माले काहीच सुचत नही, ताई. नाही म्हटलं तर मीच तिला मारलं असं होईल ना?"

मी त्यांना आधी डॉक्टरांकडे परत पाठवलं, प्रश्न लिहून देऊन: उपचाराने नेमकं काय मिळेल, आणि त्यासाठी चिमीला काय सोसावं लागेल? नुसतं 'कॅन्सर' म्हणून काहीच ठरवता येत नाही. आतड्यातला संथ वाढणारा लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा कर्करोग) असता तर प्रेडनिसोलोन आणि क्लोरॅम्ब्युसिलच्या गोळ्यांवर बऱ्याच मांजरी दोन वर्षं किंवा जास्तही चांगल्या जगतात. तेव्हा मीच म्हटलं असतं, वयाला घाबरू नका. जिभेखालच्या या गाठीचं तसं नसतं. ती जबड्याच्या हाडात शिरते. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन केलंच तर जबड्याचा भाग काढावा लागेल आणि तरी हाती काही महिनेच लागतील.

मग मुलाशी फोनवर बोलले. चिमीला शाळेत असताना त्यानेच घरी आणलं होतं. दूर राहून त्याला फक्त पैसेच पाठवता येत होते, आणि तेच तो जीव तोडून करत होता. मी म्हटलं, "भाऊ, एप्रिलच्या उन्हात तिला पुण्याला नेणं, ऑपरेशननंतर नळीने भरवणं, हे सगळं आईच्या हातून व्हायचं आहे. आईला विचारलंस का?" तो बराच वेळ बोलला नाही. त्याच शनिवारी घरी आला.

ऑपरेशन नको असं दोघांनी ठरवलं. म्हणजे उपचार थांबले असं नाही. डॉक्टरांनी वेदनाशामक दिलं. (माणसांची पॅरासिटामॉल मांजरीला कधीही देऊ नका, एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.) पातळ, कोमट खाणं सुरू झालं. चिमीची घुरघुर ऐकून काकूंना वाटे, ती मजेत आहे. पण मांजर दुखतानाही घुरघुरते. म्हणून खुणा कागदावर लिहिल्या: खाणं सोडलं, अंग चाटणं बंद झालं, कोपऱ्यात लपून राहिली, वाईट दिवस चांगल्यांपेक्षा जास्त झाले. यातल्या दोन दिसल्या की डॉक्टरांना बोलवायचं. ऐन वेळी, रडत, नव्याने काही ठरवायचं नाही.

पावसाळा लागता लागता तो दिवस आला. डॉक्टरांनी घरी येऊन तिला कायमचं झोपवणारं इंजेक्शन दिलं, मुलगा जवळ होता. काकूंना नंतर कितीतरी रात्री झोप नव्हती. तो शोकच होता, आणि त्यासाठी त्या माझ्याकडे येत राहिल्या.