वेन ग्रॅहम आणि सॅन जॅसिंटो कॉलेज

आपण विचारले आहे की, अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजच्या बेसबॉल संघाचा प्रशिक्षक त्याच जागी राहून मोठी कारकीर्द घडवू शकतो का, की ती नोकरी म्हणजे विद्यापीठात जाण्याआधीची एक पायरीच असते. माझ्या मते घडवू शकतो, आणि त्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे टेक्सासमधील सॅन जॅसिंटो कॉलेजचे प्रशिक्षक वेन ग्रॅहम. मी ह्यूस्टनमध्ये राहतो आणि इथले कॉलेज बेसबॉल मनापासून पाहतो, म्हणून त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

त्यांचे काम किती अवघड होते हे कळण्यासाठी आधी या कॉलेजांची रचना लक्षात घ्यावी लागेल. कम्युनिटी कॉलेजचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो, त्यामुळे कोणताही खेळाडू फार तर दोन हंगाम प्रशिक्षकाच्या हाताखाली राहतो. त्यातही, चार वर्षांच्या विद्यापीठात दाखल झालेला मुलगा साधारणपणे तिसरे वर्ष संपेपर्यंत किंवा २१ वर्षांचा होईपर्यंत मेजर लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या वार्षिक निवडीत, येऊ शकत नाही. कम्युनिटी कॉलेजच्या मुलावर मात्र हे बंधन नसते आणि तो पहिल्या वर्षानंतरही निघून जाऊ शकतो. ब्राइस हार्परने शालेय शिक्षण लवकर आटोपून कॉलेज ऑफ सदर्न नेवाडा गाठले आणि २०१० च्या ड्राफ्टमध्ये तो पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, तो याच वाटेने. प्रशिक्षकाच्या बाजूने पाहिले, तर जो मुलगा सर्वांत चांगला तयार होतो तोच सर्वांत आधी जातो, आणि दरवर्षी जवळजवळ अर्धा संघ नव्याने उभा करावा लागतो.

ग्रॅहम यांचा जन्म १९३६ साली टेक्सासमधल्या योकम गावी झाला. टेक्सास विद्यापीठाकडून खेळल्यानंतर त्यांनी अनेक वर्षे मायनर लीगमध्ये, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलच्या खालच्या स्तरावर काढली. सर्वोच्च स्तराच्या मेजर लीगमध्ये १९६३ साली फिलाडेल्फिया फिलीज आणि १९६४ साली न्यूयॉर्क मेट्स या संघांकडून त्यांना मोजकेच सामने मिळाले आणि तिथे त्यांची बॅट चालली नाही. पुढे त्यांनी ह्यूस्टनच्या हायस्कुलांमध्ये मुलांना बेसबॉल शिकवला. सॅन जॅसिंटोची जबाबदारी हाती आली तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. एवढ्या उशिरा सुरुवात करणाऱ्या माणसाकडून कोणी फारशी अपेक्षा ठेवत नाही.

दोन वर्षांच्या कॉलेजांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस कोलोरॅडो राज्यातील ग्रँड जंक्शन या गावी भरते. ग्रॅहम यांच्या सॅन जॅसिंटोने ती १९८५, १९८६, १९८७, १९८९ आणि १९९० साली, म्हणजे सहा वर्षांत पाच वेळा जिंकली. १९८१ ते १९९१ या अकरा हंगामांत त्यांच्या संघाने ६७५ सामने जिंकले आणि ११३ गमावले. ओळखीचे, कसलेले खेळाडू वर्षानुवर्षे हाताशी असते तरी हे आकडे थक्क करणारे ठरले असते. १९८५ च्या संघातले कोणीही १९८७ च्या संघात असण्याची शक्यता नसताना विजेतेपद टिकते, तेव्हा त्याचे श्रेय एखाद्या गुणी पिढीला देता येत नाही. ते मुले निवडण्याच्या नजरेला आणि शिकवण्याच्या पद्धतीलाच द्यावे लागते.

ही नजर आणि ही पद्धत कशी होती, हे दोन पिचरांच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूंच्या, उदाहरणांतून नीट दिसते. रॉजर क्लेमेन्स ह्यूस्टनच्याच हायस्कुलातून १९८१ च्या हंगामासाठी सॅन जॅसिंटोत आला, तेव्हा तो कोणाच्या डोळ्यांत भरणारा खेळाडू नव्हता. तो तिथे एकच हंगाम खेळला. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये मेट्सने त्याला बाराव्या फेरीत निवडले, पण तो टेक्सास विद्यापीठात गेला, १९८३ साली बोस्टन रेड सॉक्सने त्याला पहिल्या फेरीत घेतले आणि पुढे त्याने सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार सात वेळा मिळवला. उत्तेजक द्रव्यांच्या आरोपांवरून त्याच्या नावाभोवती नंतर वादळ उठले. इथे मुद्दा एवढाच आहे की अठरा-एकोणीस वर्षांच्या त्या मुलातला पिचर ग्रॅहम यांनी ओळखला होता.

जवळजवळ दहा वर्षांनी ह्यूस्टनजवळच्या डीअर पार्कचा अँडी पेटिट त्यांच्याकडे आला. १९९० च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क यँकीजने त्याला बाविसाव्या फेरीत निवडले होते, यावरून त्याच्याकडून किती अपेक्षा होत्या ते समजते. मुलगा अंगाने थोडा स्थूल होता. ग्रॅहम यांनी त्याला डावखुरा क्लेमेन्स म्हटले आणि वजन उतरवून शरीर कमावण्याच्या मागे लावले. त्या एका वर्षात त्याच्या फास्टबॉलचा वेग ताशी ८५-८७ मैलांवरून नव्वदीच्या पलीकडे गेला. त्या काळच्या नियमानुसार कम्युनिटी कॉलेजात गेलेल्या मुलावर निवडणाऱ्या संघाचा हक्क पुढच्या ड्राफ्टच्या तोंडापर्यंत राहत असे. यँकीजने १९९१ साली तो वापरून त्याला करारबद्ध केले, आणि पेटिटने त्या संघाबरोबर पाच वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिका, जिंकल्या.

ग्रॅहम यांची पुढची कारकीर्द अधिक प्रसिद्ध आहे. १९९२ च्या हंगामापासून त्यांनी ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाचा संघ हाती घेतला. त्यांच्या आधी कधीही विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत न पोहोचलेला हा संघ १९९५ पासून सलग २३ वर्षे तिथे खेळला आणि २००३ साली ओमाहा येथे स्टॅनफर्डला हरवून विजेता झाला. तेव्हा ग्रॅहम ६७ वर्षांचे होते. २०१८ साली ते राइसमधून बाहेर पडले आणि २०२४ साली त्यांचे निधन झाले.

आता आपल्या प्रश्नातल्या 'पायरी'विषयी. ग्रॅहम स्वतः विद्यापीठात गेले, हे खरे आहे. पण वयाच्या ५५ व्या वर्षी राइसने त्यांना बोलावले ते सॅन जॅसिंटोतल्या कामगिरीमुळेच, आणि तिथे नवे काही शिकण्याची त्यांना फारशी गरज पडली नसावी, असे मला वाटते. 'कॉलेजिएट बेसबॉल' या नियतकालिकाने त्यांना ज्युनियर कॉलेज (म्हणजे अशाच दोन वर्षांच्या कॉलेजांच्या) बेसबॉलमधला शतकातील सर्वोत्तम प्रशिक्षक ठरवले, तो मान राइसच्या विजयांसाठी नव्हता. मला तर २००३ च्या विजेतेपदापेक्षा ग्रँड जंक्शनची ती पाच विजेतेपदे अधिक मोठी वाटतात, कारण राइसमध्ये निदान तीन वर्षे तरी मुलगा हाती राहत असे.

त्यांच्या कामाचे मोल ह्यूस्टनच्या लोकांना २००५ साली एकाच संघात पाहता आले. ह्यूस्टनचा मेजर लीग संघ अ‍ॅस्ट्रोज त्या वर्षी प्रथमच वर्ल्ड सिरीजमध्ये पोहोचला, तेव्हा त्यांच्याकडे क्लेमेन्स आणि पेटिट हे दोन पिचर होते आणि फलंदाजीत लान्स बर्कमन होता. पहिले दोघे सॅन जॅसिंटोचे, तिसरा राइसचा, आणि तिघेही ग्रॅहम यांच्या हाताखाली खेळलेले.