जुळ्यांची नाळ एकच असते का?

"जुळ्यांना येगळं केलं तर लेकरं राहतील का, मॅडम?" लातूरला दरवर्षी निकाल लागले, प्रवेश झाले की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. म्हणून गौरी-गायत्रीबद्दल लिहिते. नावं बदलली आहेत.

गौरीला नांदेडला मेडिकल मिळालं. गायत्री औशाजवळच्या गावातून लातूरला बीएस्सीला येऊ लागली. महिनाभरात तिचं जेवण तुटलं. आई सांगत होती, "लहानपणी एकीला ताप आला की दुसरी फणफणायची. नाळच एक हाय त्यांची."

"ताई, एकसारख्या जुळ्यांची वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारा अवयव, अनेकदा एकच असते. नाळ मात्र ज्याची त्याला वेगळी. आणि एका अंथरुणात झोपणाऱ्या लेकरांना एकमेकींचा ताप लागणारच."

ओढ खोटी नाही, हेही मी सांगितलं. इटलीतल्या पादुआच्या संशोधकांनी २०१० साली जुळ्या गर्भांचं चित्रण प्रसिद्ध केलं. १४व्या आठवड्यापासूनच ती बाळं शेजारच्या भावंडाकडे हात नेत होती. जगात येण्याआधीची ही सोबत.

पण गायत्रीचं दुखणं मला नुसतं विरहाचं वाटेना. तिसऱ्या भेटीत विचारलं, "गौरीची कोणत्या वेळी जास्त आठवण येते?"

ती बराच वेळ ओढणीचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "कँटीनमध्ये. मला मागताच येत नाही, मॅडम. दुकानात, बसमध्ये, सरांशी, सगळीकडं तीच बोलायची." आणि रडली. पहिल्यांदाच, मोकळी.

मेडिकलच्या मुलीवर सगळ्यांचं लक्ष होतं, आणि ही उपाशी होती ती जेवण मागता येत नाही म्हणून! रने झाझो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने हेच मांडलं होतं: जुळी माणसं जोडी म्हणून कामं वाटून घेतात. जनुकं तीच, वाढवणारे तेच, तरी एक बोलका, एक अबोल. मी स्वभावाआधी ही वाटणी तपासते, आणि इतक्या वर्षांत ती पद्धत मला क्वचितच चुकवते.

आईबापांनी वाटणी लवकर मोडावी. दुकानात आज एकीला पाठवा, उद्या दुसरीला. एकीला विचारलेल्या प्रश्नाला दुसरीने उत्तर दिलं तर थांबवा. "जुळ्या" अशी हाक नको, नावाने बोलवा. आणि ताटातूट एका दिवसात करू नका. आधी मामाच्या गावाला एकेकटीला चार दिवस राहू द्या.

गायत्रीला मी एकच काम दिलं: रोज एक गोष्ट स्वतः मागायची. पहिल्या दिवशी तिने कंडक्टरकडे सुटे पैसे मागितले. रात्री नांदेडला फोन करून तिने ते गौरीला सांगितलं.