पेटीतलं ठासणीचं पिस्तूल: नळीला हात लावण्याआधी हे वाचा

तुमचा प्रश्न सकाळी ठाण्याच्या फलाटावर वाचला आणि त्या नादात दोन लोकल सोडल्या. तुम्ही खारघरचे. लिलावात टोपीच्या पिस्तुलांची (घोडा आपटला की छोटी स्फोटक टोपी फुटते आणि नळीत ठासलेली दारू पेटते, तसली) जोडी पेटीसकट घेतलीत, पैसे भरलेत. आता लिलाववाले म्हणतात, कागद आणा मग माल न्या. कागदासाठी ज्या कार्यालयात गेलात तिथे टेबलावरून सांगितलं, "नळी बुजवून घ्या, मग बघू." आणि तुम्ही इथे विचारताय की लिलाववाल्यांच्या गोदामात फॅब्रिकेशनवाला पाठवता येईल का.

नका पाठवू. बाकीचं पुढे सांगतो, पण घाईत असाल तर एवढंच वाचून थांबलात तरी चालेल.

मला २०१७ साली जवळजवळ हेच वाक्य ऐकवलं गेलं होतं. फरक एवढाच की तुमचा माल अजून त्यांच्याकडे आहे, माझा मी नौपाड्यात घरी आणून बसलो होतो. तुमचं नशीब चांगलं आहे, ते टिकवा.

बायर्स प्रीमियम (बोलीवर खरेदीदाराने भरायचं जादा शुल्क), त्यावरचा जीएसटी, 'जसं आहे तसं' या अटीवर विक्री, हे सगळं तुम्हाला ठाऊक असणार, त्यात शिरत नाही. माझी वस्तू म्हणजे एकच पिस्तूल, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातलं, इंग्लिश. नळीखाली बर्मिंगहॅमचे प्रूफ शिक्के, म्हणजे नळीची चाचणी झाल्याच्या खुणा. महोगनीची पेटी, आत हिरवी बनात (जाड लोकरी कापड), कप्प्याकप्प्यांत बंदुकीच्या दारूची कुपी, गोळ्यांचा साचा, टोप्यांची डबी, निपल (टोपी बसते ते छिद्राचं बोंड) काढायची किल्ली. झाकणाच्या आत बनवणाऱ्याचं छापील लेबल, एक कोपरा उंदराने खाल्लेला. नळी पीळदार लोखंडाची होती. उजेडात धरली की लाकडाच्या रेषांसारखी तपकिरी नक्षी दिसायची. मी त्याआधी रविवर्मा प्रेसचे ओलिओग्राफ (तैलचित्रासारखी छापील चित्रं) आणि जुने कंदील जमवणारा माणूस. पण ही पेटी कॅटलॉगमध्ये पाहिली आणि झोप उडाली. बोली थांबली दोन लाख दहा हजारांवर. बायकोला आकडा एक लाख दहा सांगितला होता. (ती हे वाचत नाही.)

पहिली चूक माझी, कार्यालयाची नाही, हे कबूल करतो. शस्त्र कायदा १९५९ चं कलम ४५ मी अर्धंच वाचलं होतं. त्यात जुन्या पद्धतीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे, एवढं वाचून मी पुस्तक मिटलं. वाक्य तिथे संपत नाही. जे शस्त्र दुरुस्ती करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येणार नाही, अशालाच ती सूट आहे. माझं पिस्तूल म्हातारं होतं, पण ठणठणीत. घोडा दोन्ही खाचांवर नीट बसायचा. म्हणजे नुसत्या वयावर सुटका नाही. हे कळलं तेव्हा पेटी दिवाणखान्यात होती आणि मी घाबरून स्वतःहून चौकशीला गेलो.

ते कार्यालय कुठलं ते लिहीत नाही. तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला साहेब मीटिंगला, दुसऱ्या खेपेला संबंधित टेबल रजेवर. तिसऱ्या खेपेला एका गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवून माझे फोटो पाहिले आणि अगदी आपुलकीने म्हणाले, "काका, कशाला त्रास करून घेता? नळी बंद करा, छिद्र बुजवा. चालतच नसेल तर प्रश्नच मिटला ना!" मला तो माणूस देवासारखा वाटला. मी अर्ज दिला नाही, पोच घेतली नाही, नाव विचारलं नाही. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मी हाताखालच्या प्रत्येक पोराला सांगत आलो की तोंडी काही ऐकू नकोस. आणि स्वतः बाहेर पडून चहा घेतला आणि सरळ वागळे इस्टेट गाठली.

तिथे कंपनीच्या दिवसांपासून ओळखीचा एक लेथवाला होता. पोरगा शहाणा. पिस्तूल हातात घेऊन फिरवलं आणि म्हणाला, "काका, एवढं जुनं आहे. नक्की ना?" मी म्हटलं, साहेबांनीच सांगितलंय. नळीत पोलादी पिन ठोकली, तोंडाशी वेल्डिंग मारलं, निपलचं छिद्र भरलं. वीस मिनिटं. साडेतीनशे रुपये. उष्णतेने नळीच्या पुढच्या दोन इंचांवरची तपकिरी नक्षी जाऊन तिथे निळसर राखाडी डाग पडला. तो डाग अजून आहे. कुठल्याच मेणाने, तेलाने जात नाही, जाणारही नाही. दीडशेहून अधिक वर्षं त्या वस्तूला कुणी बिघडवलं नव्हतं, मी ते एका दुपारी केलं.

पंधरा दिवसांनी परत गेलो तर त्या गृहस्थांची बदली झालेली. नव्या माणसाने फोटो पाहिले आणि थंडपणे विचारलं, "हे करायला कुणी सांगितलं? लेखी आहे?" नव्हतं. पुढचा प्रश्न त्याहून भारी: "ज्याने हे काम केलं त्याच्याकडे परवाना होता का?" शस्त्राची दुरुस्ती असो की रूपांतर, दोन्हीला कलम ५ खाली परवाना लागतो. म्हणजे मी स्वतः तर अडकलो होतोच, वर त्या बिचाऱ्या लेथवाल्यालाही ओढलं असतं. त्याचं नाव मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. नशिबाने कुणी खोलात गेलं नाही. पण पुढचे चौदा महिने या टेबलावरून त्या टेबलावर, तपासणीसाठी पाठवा, परत आणा, फोटो पुन्हा जोडा. एकदा तर माझीच फाईल मला शोधायला लावली. जुन्या वस्तूंचं मोल कळणारा एकही माणूस त्या जिन्यावर मला भेटला नाही. असो. रक्तदाब वाढतो.

शेवटी काम झालं ते साध्या लेखी अर्जाने. सोबत लिलावाचं बिल, कॅटलॉगचं पान, सगळ्या बाजूंचे आणि शिक्क्यांचे फोटो; आवक शिक्का मारलेली प्रत माझ्याकडे. महिना उलटून गेल्यावर माहिती अधिकारात विचारलं, माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली. फी दहा रुपये, तीस दिवसांत उत्तर देणं त्यांना भाग असतं. त्या दहा रुपयांनी जे हललं ते माझ्या विनवण्यांनी हललं नव्हतं.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट बरी आहे. २०२० मध्ये नियम बदलले. क्युरिओ (जुन्या, संग्रहमोलाच्या वस्तू) या वर्गात मोडणारी लहान शस्त्रं विकत घ्यायला आणि बाळगायला भारतीय नागरिकाला आता परवाना लागत नाही. पण वापरायची, सोबत न्यायची किंवा एका जागेहून दुसरीकडे हलवायची तर लागतो. आणि मुंबईच्या गोदामातून खारघरला आणणं म्हणजे हलवणंच झालं, ओला-उबरच्या डिकीत टाकून आणायची वस्तू नाही ही. म्हणून तुमच्या अर्जात दोनच प्रश्न असू द्या: ही जोडी क्युरिओ धरली जाते का, आणि ती नेण्यासाठी नेमकी कोणती परवानगी. उत्तर लेखी मागा. "बुजवून घ्या" असं परत कुणी म्हटलं तर हसून म्हणा, साहेब, एवढं कागदावर द्या. देणार नाहीत.

मी वकील नाही. माझा अनुभव एका वस्तूचा आणि बऱ्यापैकी जुना आहे. लिलाववाल्यांना मात्र आजच लेखी कळवा की परवानगी येईपर्यंत माल तिथेच ठेवा, आणि साठवणुकीचे पैसे किती लावणार ते विचारा. तेवढे भरा. वाद घालू नका, मी घातला असता तर आज त्यांच्याकडून एक फोनही उचलला गेला नसता.

गोदामात बघायला जाल तेव्हा दोन गोष्टी तपासा, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. बनातीवर पिस्तुलांचे दाब उमटलेले असतात आणि त्यांच्या खाली रंग गडद राहिलेला असतो. ते ठसे तुमच्या जोडीशी जुळत नसतील तर पेटी एकीची आणि पिस्तुलं दुसरीची, बाजारात अशी लग्नं खूप लावतात. चोर बाजारात तर पेटी वेगळी, कुपी वेगळी घेऊन संच जमवणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. दुसरं, दस्त्यावर किंवा पेटीवर पांढरी नक्षी असेल तर ती हाड आहे की हस्तिदंत ते लेखी विचारा. हस्तिदंत निघालं तर मग वन्यजीव कायदाही मधे येतो आणि तुमची फाईल माझ्या फाईलच्या दुप्पट जाड होईल. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांचं दालन आहे, एकदा जाऊन नीट पाहून या. डोळा तयार होतो. तिथे संवर्धन केंद्रही आहे, साफसफाईबद्दल विचारायचं तर तिथे विचारा, यूट्यूबवर नको. ब्रासो तर मुळीच नको.

आणि परदेशात कुणाला पाठवायचा, विकायचा विचार असेल तर सोडून द्या. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली खाजगी माणसाला बाहेर पाठवता येत नाही. उलट दिशेने, परदेशी लिलावात स्वस्त दिसली म्हणून तिकडून मागवायची, तेही नको. आयातीचं प्रकरण वेगळंच आहे.

माझ्या पिस्तुलाचं काय झालं असं विचाराल. २०२२ मध्ये एका जाणकाराला दाखवलं. त्याने नळी पाहिली, काही बोलला नाही, अलगद परत ठेवली. मग साचा आणि कुपी बराच वेळ हातात धरून म्हणाला, "पिस्तूल तुम्हीच ठेवा. नुसती पेटी देता का?" नाही दिली.

ता. क. डबीत टोप्या शिल्लक असतील तर त्यांना बोट लावू नका, शंभर वर्षांनंतरही त्या फुटू शकतात; लिलाववाल्यांनाच काढायला सांगा. नळ्या भरलेल्या नाहीत ना हेही त्यांच्याकडूनच, तुमच्या समोर खात्री करून घ्या: लाकडी काठी आत घालून खूण करायची, मग तीच बाहेरून नळीवर धरायची, निपलच्या बऱ्याच अलीकडे थांबली असेल तर आत काहीतरी आहे. पेटी ओकची असेल तर शिशाच्या गोळ्यांवर पांढरी भुकटी आलेली दिसेल. ओकमधून सुटणाऱ्या आम्लाने शिसं तसं गंजतं. ती विषारी असते. फुंकर मारू नका, मी मारली होती.