दोन लेसरांमधली मायक्रोवेव्ह

प्रश्न : दोन डीएफबी लेसरांचा (एकाच तरंगलांबीचा प्रकाश देणारे चिपवरचे डायोड लेसर) प्रकाश एकत्र करून फोटोडायोडवर (प्रकाशाचा करंट करणारा घटक) पाडला. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर (सिग्नलमधल्या वारंवारिता दाखवणारं यंत्र) १० गिगाहर्ट्झच्या आसपास सिग्नल येतो, पण जागेवर थांबत नाही. फेज लॉक केल्यावर, म्हणजे एका लेसरची कंपनं दुसऱ्याच्या लयीला बांधल्यावर, थांबेल का? आणि एवढ्यासाठी साधा इलेक्ट्रॉनिक ऑसिलेटर का नको?
– एम. एस्सी.ची एक विद्यार्थिनी

उत्तर : थांबेल. तो पळतो का, ते मात्र आधी बघा. १५५० नॅनोमीटरचा प्रकाश सेकंदाला सुमारे १९३ लाख कोटी वेळा कंप पावतो. ते कंपन फोटोडायोडच्या आवाक्याबाहेरचं. करंटमध्ये उमटतो तो दोन लेसरांमधला फरक. १० गिगाहर्ट्झ म्हणजे तरंगलांबीत जेमतेम ०.०८ नॅनोमीटर. चिपचं तापमान एका अंशानं वाढलं, तर तरंगलांबी साधारण ०.१ नॅनोमीटर सरकते. मग अंशाच्या हजाराव्या भागानंही सिग्नल दहा-बारा मेगाहर्ट्झ हलणारच! शिवाय दोन्ही लेसरांचा फेज नॉइज, म्हणजे कंपनाच्या लयीतली थरथर, एकमेकांत मिसळतो, तो वेगळा.

लॉक करताना हा सिग्नल स्थिर रेफरन्सशी ताडून पाहतात आणि चूक स्लेव्ह लेसरच्या, म्हणजे दुसऱ्यामागे (मास्टरमागे) चालणाऱ्या लेसरच्या, करंटमध्ये परत घालतात. हाच लूप. सगळं अडतं ते लूपच्या विलंबावर. डायोड लेसरची लाइनविड्थ (त्याच्या वारंवारितेचा पसारा) मेगाहर्ट्झच्या घरात, म्हणून लूपही दहा-वीस मेगाहर्ट्झपर्यंत चपळ हवा. एक मीटर फायबर पाच नॅनोसेकंद खातो. १० मेगाहर्ट्झला तेवढ्यात १८ अंश फेज जाते. माझ्याकडे कोणी महागडा अ‍ॅम्प्लिफायर मागायला आलं, की मी आधी पिगटेल (लेसरला जोडलेली फायबरची शेपटी) मोजायला लावतो. मास्टरचा फायबर लांब असला तरी चालेल, तो लूपमध्ये नाही. स्लेव्हपासून फोटोडायोड आणि तिथून परत करंटपर्यंतची वाट आखूड करा.

दुसरी अडचण खुद्द लेसरची. करंट सावकाश वाढवला तर चिप तापून वारंवारिता उतरते. भराभर वाढवला तर कॅरिअरमुळे (चिपमधले करंट वाहणारे कण) चढते. मध्ये कुठेतरी या बदलाचं चिन्ह उलटतं आणि लॉक सुटतो. साध्या डीएफबीला हे फार नडतं. अरुंद लाइनविड्थचा एक्स्टर्नल कॅव्हिटी लेसर (ज्याची प्रकाश घोळवणारी पोकळी चिपबाहेर असते) मिळाला तर तोच घ्या, कारण त्याला मंद लूपही पुरतो.

लूपचा गेन (चूक किती पट करून परत घालायची ते) हळूहळू चढवा. अ‍ॅनालायझरवरचा पसरट उंचवटा आक्रसून सुईसारखा होईल. आणखी चढवलात की दोन्ही बाजूंना खांदे वर येतील. तिथून थोडं मागे या.

आता ऑसिलेटर. १० गिगाहर्ट्झला तो उत्तमच आहे, त्याच्या जागी लेसर आणायचं कारण नाही. पण लेसरचं तापमान थोडं बदललं की १०० गिगाहर्ट्झचा फरकही त्याच टेबलावर मिळतो. फक्त फोटोडायोड तेवढा वेगवान लागतो. आणि फायबरमध्ये किलोमीटरला ०.२ डेसिबल एवढाच ऱ्हास, मग मायक्रोवेव्हची वारंवारिता कितीही असो. चिलीतल्या आल्मा दुर्बिणीच्या ६६ अँटेनांना रेफरन्स असाच जातो: फेज-लॉक केलेल्या दोन लेसरांचा प्रकाश फायबरमधून पोचतो आणि मायक्रोवेव्ह अँटेनापाशी निर्माण होते. मला या विद्येचं सगळ्यात मोठं अप्रूप आहे ते याचंच.

लॉक टिकूनही सिग्नल क्षीण झाला, तर दोन्ही प्रकाशांचं ध्रुवीकरण जुळतंय का पाहा. आयसोलेटर (प्रकाश एकाच दिशेनं जाऊ देणारा घटक) दोन्ही लेसरांपुढे लावाच. परतून आलेला प्रकाश लेसरला बिथरवतो.